थरावर थर रचून बनणारे सुटे भाग : खानदेशच्या शेतीतील उपयोग व मर्यादा

मृगाचा पाऊस पडून गेला, की पाचोरा तालुक्यातील काळ्या जमिनीत वाफसा येण्यास दोन-चार दिवस लागतात. आणि आलेला वाफसा टिकतोही थोडेच दिवस. या मुदतीत पेरणी साधली तर पीक उभे राहते; मुदत हुकली तर पुढच्या पावसाची वाट पाहावी लागते. अशा वेळी नगरदेवळा, वरखेडी किंवा पिंपळगाव हरेश्वर येथील एखाद्या शेतकऱ्याचे मका पेरण्याचे यंत्र बांधावर उभे राहावे, आणि त्याचे कारण तळहाताएवढी एक प्लॅस्टिकची चकती फुटली एवढेच असावे, हा प्रसंग नवा नाही. चकती पाचोऱ्याच्या दुकानात मिळत नाही. जळगाव सुमारे पन्नास किलोमीटर. तेथेही ती नसेल तर कारखान्याकडे मागणी नोंदवावी लागते. यंत्र जुने असेल तर तो भाग आता निघतच नाही, असे उत्तर येते. हजारो रुपयांचे यंत्र अल्प मोलाच्या एका भागासाठी अडून बसते.

अशा अडचणीवर थर-रचना पद्धतीचा काही अंशी उपाय होऊ शकतो. या पद्धतीस व्यवहारात थ्री-डी प्रिंटिंग म्हणतात. गेल्या काही वर्षांत भारतात तिचा प्रसार झपाट्याने झाला आहे. तिच्याविषयी अवाजवी आशाही बाळगल्या जातात. यासाठी ती कशी चालते, कोठे उपयोगी पडते आणि कोठे ती वापरणे धोक्याचे आहे, हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी व शेतकऱ्यांनी नीट समजून घेणे इष्ट आहे.

पद्धत कशी चालते

वस्तू घडविण्याच्या जुन्या रीती दोन. पहिली कोरण्याची : सुतार लाकूड तासतो, कातारी लोखंड कातून काढतो, नको असलेला भाग काढून टाकला म्हणजे हवी ती वस्तू उरते. दुसरी साच्याची : वितळलेले लोखंड किंवा प्लॅस्टिक साच्यात ओतावयाचे व थंड झाल्यावर काढून घ्यावयाचे. थर-रचना ही तिसरी रीत होय. तीत काही कोरावयाचे नसते व साचाही लागत नाही. गवंडी जशी मातीची भिंत थरावर थर चढवून उभी करतो, तशी वस्तू तळापासून वर रचली जाते.

तिचे सर्वांत सोपे यंत्र घरोघरच्या सोऱ्यासारखे आहे. सोऱ्यातून शेव पडते, तशी या यंत्राच्या बारीक तोंडातून वितळलेल्या प्लॅस्टिकची तार पडते. तोंडाचे छिद्र बहुधा ०.४ मिलिमीटरचे असते. आत जाणारी तार १.७५ मिलिमीटर जाडीची असून ती रिळावर गुंडाळलेली मिळते. यंत्राचे तोंड संगणकाच्या आज्ञेनुसार मागे-पुढे व डावी-उजवीकडे फिरते आणि एक थर टाकून झाला की किंचित वर उचलले जाते. एका थराची जाडी सर्वसाधारणपणे ०.२ मिलिमीटर असते. म्हणजे एक सेंटिमीटर जाडीच्या चकतीस पन्नास थर लागतात. अशी चकती तयार होण्यास आकारमानाप्रमाणे दोन ते पाच तास लागतात.

यंत्रास आज्ञा देण्यासाठी वस्तूचे चित्र संगणकावर सर्व मापांसह तयार करावे लागते. हे काम एकदाच करावयाचे असते. पुढे तोच भाग पुन्हा हवा असेल तर तेच चित्र वापरता येते, आणि एका गावी केलेले चित्र दुसऱ्या गावच्या यंत्रासही चालते.

प्रसार कसा झाला

अमेरिकेतील चार्ल्स हल यांनी १९८४ साली प्रकाशाने घट्ट होणाऱ्या द्रवापासून थरावर थर वस्तू बनविण्याच्या रीतीसाठी एकस्व मागितले व ते त्यांस १९८६ साली मिळाले. तार वितळवून थर टाकण्याची रीत स्कॉट क्रम्प यांनी १९८९ साली एकस्वासाठी नोंदविली. एकस्वाच्या मुदतीत ही यंत्रे महाग राहिली व मोठ्या कारखान्यांपुरतीच मर्यादित होती. इंग्लंडमधील बाथ विद्यापीठाचे एड्रियन बोयर यांनी २००५ सालापासून साध्या यंत्राचा आराखडा सर्वांस खुला करण्याचे काम हाती घेतले; २००९ साली तार-पद्धतीच्या मूळ एकस्वाची मुदतही संपली. त्यानंतर लहानमोठे कारखाने अशी यंत्रे बनवू लागले आणि किंमत उतरली. लाखो रुपयांस मिळणारे यंत्र आता साध्या स्वरूपात पंचवीस-तीस हजार रुपयांच्या आसपास मिळते, व एक किलो साधी तार सुमारे एक हजार रुपयांस पडते.

धातूची वस्तू बनविण्याची यंत्रे मात्र वेगळी व फार महाग असतात. त्यांत धातूची बारीक भुकटी पसरून ती लेसर किरणांनी थराथराने वितळवितात. पुण्याजवळ चाकण येथे २०१५ साली सुरू झालेल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या कारखान्यात या पद्धतीची सोय प्रथमपासूनच ठेवण्यात आली. चेन्नईच्या अग्निकुल कॉसमॉस या संस्थेने ३० मे २०२४ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या चाचणी-अग्निबाणाचे इंजिन याच रीतीने एकसंध घडविलेले होते. बंगळूर येथे २०२३ साली टपाल कचेरीची एक इमारत काँक्रीटचे थर यंत्राने रचून उभारण्यात आली.

केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२२ मध्ये या उद्योगासाठी राष्ट्रीय धोरण जाहीर केले. जगाच्या बाजारपेठेत भारताचा वाटा तीन वर्षांत ५ टक्क्यांपर्यंत नेणे, ५० नवी तंत्रे विकसित करणे, १०० नवे उद्योग उभे करणे आणि १ लाख कुशल माणसे तयार करणे, अशी उद्दिष्टे त्यात ठेवली होती. ही उद्दिष्टे मुख्यतः शहरांतील कारखानदारीपुढे आहेत. शेतकऱ्याच्या दृष्टीने कसोटी निराळी आहे : पेरणीच्या आठवड्यात अडलेला भाग तालुक्याच्या गावी मिळतो काय?

पाबळचा दाखला

ग्रामीण भागात अशी सोय होऊ शकते, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील पाबळ हे अवर्षणप्रवण गाव. तेथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करता करता शिकावे, हे त्या संस्थेचे सूत्र. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेचे प्राध्यापक नील गर्शेनफेल्ड यांच्या सहकार्याने २००२ साली तेथे ‘फॅब लॅब’ ही कार्यशाळा उभी राहिली. अमेरिकेबाहेरील अशा कार्यशाळांत ती अगदी पहिल्यांपैकी होय. संगणकाच्या आज्ञेने कापणारी, कोरणारी व थर रचणारी यंत्रे एकाच छपराखाली ठेवून गावची गरज गावातच भागवावी, हा तिचा हेतू.

पाबळपासून घेण्याजोगा धडा असा, की तेथे केवळ यंत्र आणून ठेवले नाही. जोडकाम, सुतारकाम, वीजकाम व शेती शिकणाऱ्या मुलांच्या हाती ते दिले गेले. मोडलेली वस्तू पाहून तिचे माप घेणारा माणूस जवळ नसेल, तर यंत्र धूळ खात पडते.

खानदेशासही प्लॅस्टिकचे काम नवे नाही. जळगावची चटई देशभर जाते. १९८० च्या दशकात जळगावच्या जैन उद्योगसमूहाने पी. व्ही. सी. नळ्या व पुढे ठिबक सिंचन संच बनविण्यास प्रारंभ केला, आणि केळी व कपाशीच्या शेतांत ते घरचेच होऊन बसले. या कामाची जाण असलेले कारागीर जिल्ह्यात आहेत. त्यांच्या हाती हे नवे साधन आल्यास त्याचा उपयोग लवकर होईल.

साचा परवडेल की थर?

थर-रचनेने सर्व वस्तू स्वस्त होतील, हा समज बरोबर नाही. पुढील हिशेब केवळ समजुतीसाठी दिला आहे. समजा, पेरणी यंत्राच्या एका चकतीचे वजन ६० ग्रॅम आहे. तिला तार सुमारे ६० रुपयांची लागेल. यंत्र चार तास चालले तर वीज एका युनिटहून कमी लागेल. यंत्राची झीज, कारागिराची मजुरी व वाया गेलेले नग धरून ती चकती २५० रुपयांस पडली असे मानू. तीच चकती साच्यातून काढली तर नगास १० रुपये पडतील, परंतु साच्याचा खर्च आधी २ लाख रुपये करावा लागेल. दोन्ही रीतींचा एकूण खर्च सुमारे ८३३ नगांस सारखा होतो. त्याहून कमी नग हवे असतील तर थर-रचना स्वस्त. अधिक हवे असतील तर साचा स्वस्त. शिवाय ८३३ चकत्या करण्यास एकच यंत्र रात्रंदिवस चालविले तरी सुमारे १३९ दिवस लागतील.

यावरून असे दिसते, की ठिबकचे जॉइनर, ग्रोमेट, नळीची टोपणे यांसारख्या लाखांनी निघणाऱ्या वस्तू बाजारातूनच घ्याव्यात. ज्या भागाचे एक-दोन नग हवे आहेत, जो भाग आता बाजारात येत नाही, किंवा ज्याच्या मापात आपल्या गरजेप्रमाणे बदल करावयाचा आहे, तोच भाग या पद्धतीने करून घ्यावा.

बियाण्याच्या चकतीचे उदाहरण

मका ७५ × २० सेंटिमीटर अंतरावर पेरला तर एकरी सुमारे २७,००० झाडे बसतात. चकतीचे खाच बियाण्याच्या मानाने लहान असतील तर दाणा अडकतो किंवा फुटतो. मोठे असतील तर एका जागी दोन दाणे पडतात. दर दहा खाचांपैकी एक रिकामा गेला तरी एकरी सुमारे २,७०० झाडे कमी होतात. बियाण्याच्या पिशवीगणिक दाण्याचा आकार बदलतो, तेव्हा खाचेचे माप थोडे कमी-अधिक करून नवी चकती करून घेणे या पद्धतीने सोपे जाते. साच्याच्या चकतीत तसे करता येत नाही.

नवी चकती बसविल्यावर एकदम शेतात उतरू नये. आधी कठीण, सपाट जागेवर १० मीटर अंतर मोजून यंत्र चालवावे. २० सेंटिमीटर अंतर धरल्यास एका ओळीत सुमारे ५० दाणे पडले पाहिजेत. मोजणी तीन वेळा करावी. दाणे फुटलेले आढळल्यास चकती बदलावी.

ऊन आणि थरांची कमजोरी

खानदेशात ही पद्धत वापरताना दोन गोष्टींकडे विशेष लक्ष दिले पाहिजे.

पहिली गोष्ट ऊन. सर्वांत स्वस्त व सोपी तार पी. एल. ए. या नावाची असते. ती मका किंवा ऊस यांतील पिष्ट व साखरेपासून तयार करतात. सुमारे ६० अंश सेल्सिअस उष्णतेस ती मऊ पडू लागते. जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात हवेचे तापमानच ४५ अंशांच्या आसपास जाते. पत्र्याच्या छपराखाली किंवा ट्रॅक्टरच्या तापलेल्या बोनेटवर ते याहून पुष्कळ वाढते. तेथे ठेवलेला पी. एल. ए. चा भाग वाकडा होतो, आणि नेमका पेरणीच्या वेळी बसत नाही. यास्तव शेतावरील भागासाठी निदान पी. ई. टी. जी. ही तार वापरावी. ती सुमारे ७५ ते ८० अंशांपर्यंत टिकते. सतत उन्हात राहणाऱ्या भागासाठी ए. एस. ए. ही तार अधिक चांगली. ए. बी. एस. ची तार सुमारे १०० अंशांपर्यंत टिकते, परंतु ती वितळताना निघणारी वाफ अपायकारक असल्याने खोलीत हवा खेळती असावी. दातेरी चाकांसाठी नायलॉन उपयोगी आहे. ते दमट हवेतील ओल शोषून घेते, म्हणून वापरण्यापूर्वी तार सुकवून घ्यावी लागते. वायसरसारख्या लवचीक भागासाठी टी. पी. यू. ही रबरासारखी तार मिळते.

पी. एल. ए. वनस्पतिजन्य आहे म्हणून ते शेतात आपोआप कुजते, असे समजू नये. त्याचे मोडके तुकडे अन्य प्लॅस्टिकप्रमाणेच वेचून काढावेत.

दुसरी गोष्ट थरांची. गवताच्या पेंढ्या एकावर एक रचलेल्या गंजीस वरून दाब दिला तर ती टिकते, पण पेंढ्या अलग करणे सोपे असते. तद्वतच अशा वस्तूचे दोन थर एकमेकांपासून सुटण्याची भीती अधिक. म्हणून ज्या दिशेने ताण येणार, त्या दिशेने थर सुटणार नाहीत अशा रीतीने वस्तू यंत्रावर आडवी किंवा उभी ठेवून घडवावी. भाग पोकळ जाळीने भरलेला असतो. ताण येणाऱ्या भागास बाहेरील भिंतींचे थर वाढवून घ्यावेत. करून घेताना तार कोणती, थर कोणत्या दिशेने आणि भिंती किती, या तीन गोष्टी कारागिरास विचाराव्यात.

कोणते भाग करावेत, कोणते करू नयेत

पेरणी यंत्राची चकती, मुठी, खटके, झाकणे, कमी ताणाचे बुश, नळीस आधार देणारे चिमटे, मोजमापाची साधने व पेट्या यांसाठी ही पद्धत योग्य आहे.

पुढील भाग मात्र या पद्धतीने करू नयेत. ब्रेक, स्टेअरिंग, जू किंवा ट्रॅक्टरच्या जोडणीतील भार पेलणारे भाग. मळणी यंत्राची संरक्षक जाळी व फिरत्या दांड्याचे आच्छादन. विजेच्या मोटारीचे व स्टार्टरचे भाग. आणि पिण्याचे पाणी किंवा दूध ज्यांत राहते असे भाग. शेवटच्या प्रकारात थरांमधील बारीक खाचांत मळ व जंतू साठतात आणि धुतले तरी निघत नाहीत.

फवारणी पंपाचे दाबाखालील भागही घरगुती प्रिंटरवर करू नयेत. कीटकनाशकांतील काही द्रावके प्लॅस्टिकवर परिणाम करतात, आणि थरांमधून द्रव पाझरला तर तो फवारणाऱ्याच्या पाठीवरच येतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतील विषबाधेने शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले, हे विसरता कामा नये. तोटी, वायसर व दट्ट्या ज्या कंपनीचा पंप असेल त्याच कंपनीचे घ्यावेत.

लोखंडी भाग हवा असेल तर गावचा लोहार व वेल्डिंगचा कारखाना यांचेच काम सरस ठरते. ओतीव भाग मोडला असेल तर थर-रचनेचा उपयोग आणखी एका रीतीने होतो. ओतकामास लाकडी नमुना लागतो. तो करणारे कारागीर आता थोडे उरले आहेत. त्याऐवजी प्लॅस्टिकचा नमुना थर-रचनेने करून घ्यावा आणि तो ओतशाळेत देऊन वाळूच्या साच्यात बिडाचा भाग ओतून घ्यावा. बीड थंड होताना सुमारे १ टक्का आकसते, म्हणून नमुना तेवढा मोठा ठेवावा लागतो. ही सूचना कारागिरास अवश्य द्यावी.

माप घेण्याची रीत

मोडलेला भाग फेकून देऊ नये. त्याचे सर्व तुकडे गोळा करून स्वच्छ धुवावेत व जुळवून पाहावेत. छिद्र, दांडा व जाडी यांची मापे व्हर्नियरने तीन ठिकाणी घ्यावीत, कारण झिजलेल्या भागाचे एका ठिकाणचे माप फसवे असते. दातेरी चाकाचे दात मोजून लिहावेत. भाग ज्या दांड्यावर बसतो, त्याचेही माप घ्यावे. शक्य असल्यास ते यंत्रच कारागिरापुढे न्यावे. पहिला नग स्वस्त तारेत करून बसवून पाहावा. बसला म्हणजे टिकाऊ तारेत दुसरा करावा.

यंत्र हमीच्या मुदतीत असेल तर मूळ कंपनीचाच भाग बसवावा, अन्यथा हमी नाकारली जाण्याचा संभव असतो. नोंदणी केलेल्या आकारास डिझाइन्स कायदा, २००० अन्वये दहा वर्षे व पुढे वाढवून मिळाल्यास आणखी पाच वर्षे संरक्षण असते. म्हणून दुसऱ्याच्या नोंदलेल्या आकाराचे नग करून विकण्याचा धंदा परवानगीवाचून करू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी काय करावे

प्रत्येक गावास यंत्र घेण्याची मुळीच आवश्यकता नाही. २०१६ साली सुरू झालेल्या अटल नवोन्मेष अभियानातून देशातील सुमारे दहा हजार शाळांत प्रयोगशाळा उभ्या राहिल्या आहेत. त्यांच्या साहित्यात थ्री-डी प्रिंटरचा समावेश असतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्था, तंत्रनिकेतने व अभियांत्रिकी महाविद्यालये येथेही अशी यंत्रे असतात. कार्यकर्त्यांनी पुढीलप्रमाणे काम करावे.

१. तालुक्यात व जवळच्या गावांत हे यंत्र कोठे आहे, ते चालू स्थितीत आहे काय आणि ते चालविणारा कोण, याची यादी करावी.

२. मागील हंगामात गावात कोणत्या यंत्राचा कोणता भाग मोडला व त्यामुळे किती दिवस गेले, हे शेतकऱ्यांस विचारून वहीत लिहावे.

३. त्यांपैकी जे भाग अनेकांचे मोडले असतील, त्यांची मापे चैत्र-वैशाखातच घेऊन चित्रे तयार करवून ठेवावीत. हंगाम सुरू झाल्यावर धावाधाव करण्यात अर्थ नाही.

४. केलेला भाग किती दिवस टिकला व कोठे मोडला, याची नोंद ठेवून ती कारागिरास व पाल आणि ममुराबाद येथील कृषी विज्ञान केंद्रांस कळवावी.

५. शेतकऱ्यांच्या मुलामुलींस माप घेण्याचे व चित्र काढण्याचे काम शिकविण्याविषयी शाळेशी बोलावे. घरच्या यंत्राचा मोडका भाग शाळेत नेऊन तो दुरुस्त करून आणणाऱ्या विद्यार्थ्यास जे शिक्षण मिळते, ते केवळ शोभेच्या वस्तू बनवून मिळत नाही.

थर-रचनेने कारखाना, लोहार वा दुकान यांची जागा घेतली जाणार नाही. त्या तिघांकडेही जो भाग मिळत नाही, तो वेळेवर मिळवून देणे एवढेच तिचे काम आहे. पण पेरणीच्या दिवसांत ते थोडे नाही. माप आधी घेऊन ठेवले, तार उन्हास टिकणारी निवडली आणि धोक्याच्या जागी हा भाग बसविला नाही, तर आलेला वाफसा एका चकतीपायी वाया जाणार नाही.